हार्ट फेल्युअर शेवटच्या टप्प्यात पोचलं तर: ट्रान्सप्लांट, पंप आणि बाकीचे पर्याय कसे समजून घ्यायचे

फाइलवर 'ॲडव्हान्स्ड हार्ट फेल्युअर' असं लिहून आलं की घरात पहिला प्रश्न येतो, आता हार्ट ट्रान्सप्लांट करावं लागणार का? माझं म्हणणं एवढंच आहे की त्याच्या आधी दुसरा प्रश्न विचारा, ट्रान्सप्लांटची टीम जिथे आहे तिथे एकदा दाखवून यायची वेळ झालीय का? दाखवायला जाणं आणि ऑपरेशन करून घेणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोक दुसऱ्याच्या भीतीने पहिली पुढे ढकलत राहतात. मग होतं काय, की हृदय नीट पंप करत नाही म्हणून किडनी खराब होत जाते, लिव्हरला सूज येते, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांमधलं प्रेशर बरीच वर्षं वाढलेलं राहून त्या वाहिन्याच कडक होतात, अंगावरचं मांस उतरतं, आणि शेवटी टीमसमोर जाऊन बसतो तेव्हा ऑपरेशन झेपेल अशी तब्येतच उरलेली नसते. मी पेशंटची बायको म्हणून ह्यातून गेलेय, डॉक्टर नाही, त्यामुळे गोळ्या आणि डोस तुमच्या डॉक्टरांनाच विचारायचे, पण कुठे काय विचारायचं आणि घरी काय सांभाळायचं ते जमेल तेवढं सविस्तर लिहितेय.

वेळ झालीय हे कशावरून ओळखायचं

नुसत्या ईएफवर ठरत नाही. ईएफ म्हणजे डावा कप्पा एका ठोक्याला त्यातलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो तो आकडा, साधारण ५५ ते ७० असतो, आणि २०च्या आसपास ईएफ असूनही रोज कामाला जाणारे लोक आहेत तसेच ३० असून बाथरूमपर्यंत जाताना दम लागणारेही आहेत. बघायचं ते हे: एका वर्षात हार्ट फेल्युअरमुळे एकापेक्षा जास्त वेळा ॲडमिट व्हावं लागलं का, लघवीची गोळी वाढवत वाढवत नेली तरी पायाची सूज उतरत नाही असं झालंय का, वरचं बीपी ९०च्या आसपासच राहतं म्हणून हृदयाच्या चांगल्या गोळ्या कमी किंवा बंद कराव्या लागल्यात का, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढतंय आणि सोडियम कमी होतंय का, बसवलेलं आयसीडी मशीन (धोकादायक ठोके आले की आतून शॉक देणारं) शॉक द्यायला लागलंय का, किंवा हृदयाला ताकद देणारं मिलरिनोन, डोब्युटामिनसारखं औषध शिरेतून द्यायची पाळी आली का. ह्यातली एक गोष्ट जरी झाली असेल तरी पुढच्या भेटीत सरळ विचारा, "डॉक्टर, ॲडव्हान्स्ड हार्ट फेल्युअरच्या टीमला रेफर करता का?" डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका, चांगल्या कार्डिओलॉजिस्टला ह्या प्रश्नाचं वाईट वाटत नाही.

पेशंट स्वतः बऱ्याचदा "मी बराय" म्हणतो. खोटं बोलतो असं नाही, तो हळूहळू सगळंच कमी करत आणतो, आधी जिना बंद, मग फेरफटका बंद, मग आंघोळ बसून, आणि जे करतच नाही त्याने दम कसा लागणार! म्हणून "कसं वाटतंय" असं विचारायच्या ऐवजी दोन महिन्यांपूर्वी काय करायचा आणि आता काय करत नाही हे घरच्यांनी लिहून न्यावं. रात्री किती उशा लागतात, झोपेतून दम लागून उठावं लागतं का, दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं होतं का हेही लिहा, कारण पोट आणि लिव्हरला सूज आली की भूक मरते आणि घरच्यांना वाटतं ॲसिडिटी आहे.

आधी औषधं पूर्ण झालीत का ते तपासा

शेवटचा टप्पा म्हणायच्या आधी एक गोष्ट नक्की करून घ्यायची, ती म्हणजे जी चार प्रकारची औषधं कमकुवत पंपिंगमध्ये आयुष्य वाढवतात ती चारही सुरू आहेत का आणि सोसेल तेवढ्या डोसपर्यंत नेलीत का. एक म्हणजे सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन किंवा त्याच्या जागी रॅमिप्रिलच्या जातीची गोळी, दुसरा बीटा ब्लॉकर म्हणजे कार्व्हेडिलॉल, बिसोप्रोलॉल किंवा मेटोप्रोलॉल सक्सिनेट, तिसरी स्पायरोनोलॅक्टोन किंवा इप्लेरेनोन, आणि चौथी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, जी मुळात शुगरची गोळी आहे पण शुगर नसली तरी हृदयासाठी देतात. लघवीच्या गोळीने बरं वाटतं पण आजाराची वाढ मंदावते ती ह्या चारांनी. बरेच जण सुरुवातीला दिलेल्या छोट्या डोसवरच वर्षानुवर्षं राहतात, कोणी वाढवतच नाही.

त्याचबरोबर कारण दुरुस्त होण्यासारखं आहे का तेही विचारा. ब्लॉकेज, खराब झालेली झडप, सतत जोरात चालणारे अनियमित ठोके, थायरॉईड, दारू, ह्यातलं काही असेल तर त्यावर उपचार करून पंपिंग सुधारू शकतं. ईसीजीमध्ये रुंद लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक दिसत असेल, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूला विजेचा संदेश उशिरा पोचत असेल, तर सीआरटी नावाचा पेसमेकर दोन्ही बाजू एका वेळी आकुंचन पाववतो आणि काही लोकांना त्याने खूपच फरक पडतो. हे सगळं करून झालं आणि तरी उतरण चालूच आहे, तर मग पुढचं.

टीमकडे गेल्यावर नेमकं काय होतं

ह्याला इव्हॅल्युएशन म्हणतात, काही दिवस चालतं, आणि त्यात टीम दोन गोष्टी शोधते: हृदय खरंच इतकं खराब आहे का, आणि बाकीचं शरीर ऑपरेशन आणि नंतरची औषधं झेपवेल का. पहिल्यासाठी तोंडाला मास्क लावून सायकल किंवा ट्रेडमिलवर चालवतात आणि शरीर किती ऑक्सिजन वापरतं ते मोजतात, आकडा दर किलोमागे मिनिटाला साधारण १४ मिलीच्या खाली आला, बीटा ब्लॉकर चालू असेल तर १२च्या खाली, की ट्रान्सप्लांटचा विचार सुरू होतो.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी मात्र राइट हार्ट कॅथ. मानेच्या किंवा मांडीच्या शिरेतून एक बारीक नळी हृदयाच्या उजव्या बाजूतून फुप्फुसाच्या धमनीपर्यंत नेतात आणि प्रत्येक ठिकाणचं प्रेशर मोजतात. ह्यांची झाली तेव्हा मी बाहेर बसून होते आणि वाटत होतं अँजिओग्राफीसारखंच काहीतरी असेल, नंतर कळलं की अख्खा निर्णय ह्या नळीच्या आकड्यांवर फिरतो. कारण असं, की डोनरच्या हृदयाची उजवी बाजू आयुष्यभर कमी प्रेशरवर काम केलेली असते, तिला एकदम कडक झालेल्या फुप्फुसात रक्त ढकलायला लावलं तर ती ऑपरेशन टेबलवरच हार मानू शकते. प्रेशर जास्त निघालं तर तिथल्या तिथे वाहिन्या सैल करणारं औषध देऊन बघतात, उतरलं तर वाट मोकळी, नाही उतरलं तर कधी कधी आधी पंप (तो काय ते पुढे सांगते) बसवून काही महिने फुप्फुसाला आराम देतात आणि परत मोजतात. म्हणून रिपोर्ट हातात आला की "फुप्फुसातलं प्रेशर उलट फिरण्यासारखं आहे का" हे विचाराच.

बाकी तपासण्या भरपूर. रक्तगट, किडनी, लिव्हर, शुगर, वयाप्रमाणे कॅन्सरच्या तपासण्या, जुनी टीबी किंवा कावीळ कुठे दबून बसलीय का, आणि दातसुद्धा, कारण नंतर प्रतिकारशक्ती दाबली की किडलेला दात म्हणजे इन्फेक्शनला उघडं दार. एक तपासणी अँटिबॉडीजची असते, आधी रक्त चढवलं असेल किंवा बाईला बाळंतपणं झाली असतील तर परक्या पेशींविरुद्ध अँटिबॉडीज तयार झालेल्या असतात आणि मग जुळणारा डोनर मिळणं अवघड जातं. ह्याचाच दुसरा अर्थ, ट्रान्सप्लांटच्या वेटिंग लिस्टवर असताना कुठेही रक्त चढवायची वेळ आली तर आधी ट्रान्सप्लांट टीमला फोन करा.

मानसोपचार तज्ज्ञ आणि समाजसेवकही बोलतात. तिथे खरं सांगा. तंबाखू, सिगरेट, दारू लपवून उपयोग नाही, निकोटिनचा अंश लघवीत सापडतो आणि बहुतेक सेंटर्सना किमान सहा महिने बंद लागतं. नैराश्य असेल तर सांगा, त्याने नाव काढून टाकतात असं नाही, उपचार करून घेतात. आणि घरातलं एक माणूस असं हवं जे गोळ्या, तारखा, फोन सगळं सांभाळेल, टीम त्या माणसाला समोर बसवून प्रश्न विचारते आणि ते बरोबरच आहे.

नकार कशामुळे येतो? चालू इन्फेक्शन, नुकताच झालेला कॅन्सर, न उतरणारं फुप्फुसाचं प्रेशर, खूप जास्त वजन, बाकीचे अवयव फार खराब, किंवा औषधं नियमित घेतली जाणार नाहीत अशी खात्रीशीर शंका. ह्यातले काही नकार कायमचे नसतात. वजन उतरवता येतं, व्यसन सुटतं, किडनीही गेली असेल तर काही ठिकाणी हृदय आणि किडनी दोन्ही एकत्र बसवतात. त्यामुळे "नाही" म्हणाले तर "आत्ता नाही की कधीच नाही" हे स्पष्ट करून घ्या, आणि दुसऱ्या सेंटरचं मत घ्यायला अजिबात संकोच करू नका, प्रत्येकाचे निकष थोडे वेगळे असतात.

पंप म्हणजे एलव्हीएडी

डोनर मिळेपर्यंत तग धरायला, किंवा ट्रान्सप्लांट होणारच नसेल तर कायमचा म्हणून, डाव्या कप्प्याच्या टोकाला एक छोटा पंप बसवतात जो तिथलं रक्त ओढून महाधमनीत सोडतो. आता जास्त वापरला जाणारा हार्टमेट ३, त्यातलं चक्र चुंबकाच्या जोरावर तरंगत फिरतं, त्यामुळे जुन्या पंपांपेक्षा त्यात गुठळ्या फार कमी होतात, आणि मोठ्या अभ्यासात तो बसवलेले निम्म्याहून जास्त, साधारण ५८ टक्के पेशंट पाच वर्षांनंतरही जिवंत होते. जे औषधांवर एक वर्षही काढणार नाहीत अशा लोकांबद्दल आपण बोलतोय हे लक्षात घ्या, मग हा आकडा किती मोठा आहे ते समजतं.

पण घरी काय येतं तेही बघा. पोटाच्या कातडीतून एक वायर बाहेर येते, ती कंबरेच्या कंट्रोलरला, म्हणजे पंप चालवणाऱ्या छोट्या डब्याला, आणि त्याला दोन बॅटऱ्या. बॅटरी बदलताना एका वेळी एकच काढायची, दोन्ही एकदम कधीच नाही. रात्री भिंतीतल्या विजेवर जोडून झोपायचं. घराबाहेर पाऊल टाकताना स्पेअर कंट्रोलर आणि चार्ज केलेल्या बॅटऱ्या बरोबर, कोपऱ्यावर जायचं असलं तरी. वीज गेली तर काय हे आधीच ठरलेलं हवं. वायरच्या भोकाचं ड्रेसिंग हात धुऊन, मास्क लावून, सांगितलेल्या पद्धतीनेच, आणि वायर ओढली जाऊ नये म्हणून पट्ट्याने पोटाशी बांधून ठेवायची कारण एक झटका बसला की तिथली कातडी फाटते आणि इन्फेक्शन आत शिरतं. पोहणं बंद, एमआरआय बंद. रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन आणि आयएनआर (रक्त किती पातळ आहे तो आकडा) साधारण २ ते ३ मध्ये, त्यामुळे काळी शी झाली, नाकातून रक्त थांबेना, बोलताना जीभ अडखळली, तर त्याच क्षणी फोन.

एक गोष्ट शेजारी-नातेवाइकांना सांगून ठेवा: पंप सतत वाहता ठेवतो म्हणून मनगटाला नाडी लागत नाही असं होऊ शकतं, आणि साधं बीपीचं मशीन एरर दाखवतं. माणूस ठीक असतो. छातीला कान लावला की बारीक गुणगुण ऐकू येते, तीच खूण. पेशंट बेशुद्ध दिसला तर आधी ॲम्ब्युलन्स आणि पंप सेंटर दोन्हींना फोन, कंट्रोलरचा अलार्म आणि जोडण्या बघायच्या, आणि ते नंबर कंट्रोलरच्या पिशवीवरच चिकटवलेले हवेत.

पंप फक्त डाव्या बाजूला मदत करतो, उजवी बाजूही खूप कमकुवत असेल तर हा पर्याय अवघड होतो. आणि आयसीयूत घाईघाईने लावतात ते बलून पंप, इम्पेला, एक्मो हे सगळे काही दिवसांचे, फार तर काही आठवड्यांचे आधार आहेत. ते लावताना "ह्याच्या पुढे काय" हा प्रश्न त्याच दिवशी विचारा, ट्रान्सप्लांट की पंप की हृदय सावरायची वाट बघायची.

लिस्टवर नाव लागल्यानंतर

नंबर रांगेप्रमाणे सरळ येत नाही. रक्तगट, उंची-वजनावरून हृदयाचा आकार, अँटिबॉडीज, आजार किती गंभीर, डोनर किती लांब, हे सगळं जुळावं लागतं. बर्फात ठेवलेलं हृदय साधारण चार तासांत नव्या शरीरात धडधडायला लागावं लागतं म्हणून अंतर इतकं महत्त्वाचं. आता काही ठिकाणी उबदार रक्त फिरवत हृदय चालू ठेवून आणायचं यंत्र वापरतात, त्याने वेळ वाढते. फोन कायम चार्ज, रिंगटोन मोठा, दुसरा नंबर टीमकडे दिलेला, बॅग भरलेली, गाडीची सोय ठरलेली. ताप आला, अँटिबायोटिक सुरू झालं, बाहेरगावी जावं लागतंय, हे टीमला कळवायचंच.

आणि एक तयारी मनाची. फोन येतो, तुम्ही धावत पोचता, रक्त घेतात, ऑपरेशनची तयारी होते, आणि मग सांगतात की डोनरचं हृदय प्रत्यक्ष बघितल्यावर चांगलं वाटलं नाही, घरी जा. असं एकदाच नाही, परत परत होऊ शकतं. त्या रात्री खूप जड जातं, पण वाईट हृदय बसवण्यापेक्षा परत येणं शंभर पटीने चांगलं, हे पेशंटला आधीच सांगून ठेवा. दुसऱ्या टोकाला एक घर त्याच रात्री आपल्या माणसाला निरोप देत असतं हेही मनातून जात नाही, आणि जाऊही नये.

ह्या काळात घरी रोज सकाळी लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी, तेवढ्याच कपड्यांत वजन करायचं आणि लिहायचं. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढलं की ते पाणी आहे, फोन करा. अंगदुखीला आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अजिबात नको, किडनी आणि सूज दोन्ही बिघडतात. झेपेल तेवढं चालणं चालू ठेवा, ऑपरेशननंतर कोण लवकर उभा राहतो हे बऱ्याच अंशी आधीच्या स्नायूंवर ठरतं.

ऑपरेशन आणि नंतरचं आयुष्य

ऑपरेशनमध्ये छातीचं हाड उघडून, हार्ट-लंग मशीनवर ठेवून जुनं हृदय काढतात आणि नवं जोडतात. पहिलं ट्रान्सप्लांट ३ डिसेंबर १९६७ला केपटाऊनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केलं, पेशंट १८ दिवस जगला आणि न्यूमोनियाने गेला. जोडायचं तंत्र तेव्हाही जमलं होतं, जमत नव्हतं ते शरीराला परकं हृदय स्वीकारायला लावणं, आणि १९८०च्या दशकात प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोस्पोरिन आल्यावर ते बदललं. आज पहिलं वर्ष साधारण ८५ ते ९० टक्के लोक पार करतात आणि निम्मे लोक बारा वर्षांहून जास्त जगतात. म्हणूनच सगळा जोर नंतरच्या औषधांवर.

टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड ही प्रतिकारशक्ती दाबणारी नेहमीची तिकडी. टॅक्रोलिमस रोज त्याच वेळेला, आणि रक्तातली त्याची लेव्हल तपासायच्या दिवशी सकाळची गोळी न घेता लॅबमध्ये जायचं, रक्त दिल्यावर लगेच घ्यायची, गोळी बरोबर पिशवीत न्यायची. आधी गोळी घेऊन गेलात तर आकडा खोटा जास्त येतो आणि डोस उगाच कमी केला जातो, तिथून रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवं हृदय नाकारणं, सुरू होऊ शकतं. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल ह्यांनी लेव्हल वाढते, रिफाम्पिसिन आणि फिटच्या फेनिटॉइनने खूप उतरते, ग्रेपफ्रूटने वाढते, जुलाब लागले तरी वाढू शकते. म्हणून दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरने काहीही लिहून दिलं, अगदी साधं खोकल्याचं किंवा जडीबुटीचं औषध असलं, तरी आधी टीमला विचारायचं. गोळ्यांचा ब्रँडही मनाने बदलायचा नाही. मायकोफेनोलेटने गर्भात व्यंग येऊ शकतं, तरुण बाईने हे आधीच बोलून घ्यावं. जिवंत विषाणूंच्या लसी चालत नाहीत, त्यामुळे लागणाऱ्या लसी शक्य तितक्या ऑपरेशनआधी उरकून घ्या.

रिजेक्शन सुरुवातीला जाणवत नाही, म्हणून बायोप्सी. मानेच्या शिरेतून चिमटा नेऊन हृदयाचे टाचणीच्या डोक्याएवढे तुकडे घेतात, सुरुवातीला साधारण दर आठवड्याला, मग हळूहळू अंतर वाढतं. भीती वाटते, पण पेशंट जागाच असतो आणि बहुतेकदा त्याच दिवशी घरी येतो.

नवीन हृदयाच्या नसा (रक्तवाहिन्या नव्हे, मेंदूशी जोडणाऱ्या नर्व्ह) कापलेल्या असतात हे फार कोणी समजावून सांगत नाही. त्यामुळे बसलेलं असतानाही ठोके ९० ते ११० असतात, ते नॉर्मल आहे. उठून चालायला लागलं की ठोके लगेच वाढत नाहीत, थांबल्यावर लगेच उतरत नाहीत, म्हणून आधी पाच-दहा मिनिटं हळू चालायचं आणि शेवटीही हळूच थांबायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नवीन हृदयाच्या धमन्या काही वर्षांत आतून जाड होत जाऊ शकतात आणि तरी छातीत दुखत नाही, कारण दुखणं पोचवणारी नसच नाही. दम लागणं, थकवा, सूज एवढंच दिसतं. म्हणून ठरलेली अँजिओग्राफी बरं वाटतंय म्हणून टाळायची नाही. किडनीचे आकडे, शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, आणि वर्षातून एकदा कातडी तपासणं, ऊन टाळणं, कारण ह्या औषधांनी कातडीचा कॅन्सर वाढतो. १०० डिग्रीच्या वर ताप गेला तर घरी क्रोसिन देऊन वाट बघत बसू नका.

दोन्ही नको असेल, किंवा होणार नसेल तर

हा भाग लोक वाचायचा टाळतात. ट्रान्सप्लांट आणि पंप दोन्ही नाही म्हणणं हाही निर्णय आहे आणि शुद्धीवर असलेल्या माणसाने समजून घेतलेला असेल तर तो मानायचा. पॅलिएटिव्ह टीम म्हणजे उपचार सोडणारे लोक नव्हेत, त्रास कमी करणारे लोक, त्यांना तर इव्हॅल्युएशन चालू असतानाच भेटावं, कारण दम, मळमळ, झोप, भीती ह्या गोष्टी ते हार्टच्या टीमपेक्षा चांगल्या हाताळतात. मॉर्फिनचा अगदी छोटा डोस दम लागण्याची तडफड कमी करतो. काही जणांना हॉस्पिटलच्या फेऱ्या टाळायला घरी शिरेतून मिलरिनोन देतात, त्याने आयुष्य वाढत नाही पण काही दिवस माणसात बसता येतं.

आयसीडी असेल तर एक प्रश्न आधीच विचारून ठेवा, शेवटच्या दिवसांत शॉक बंद कसा आणि कोण करेल. तो बंद केल्याने माणूस लगेच जात नाही, त्यातला पेसमेकर चालूच राहतो, फक्त जाताना छातीत शॉकवर शॉक बसत नाहीत. प्रोग्रामर (आयसीडीची सेटिंग बदलायचं यंत्र) घेऊन घरी कोण येऊ शकेल, रात्री-अपरात्री कोणाचा नंबर, हे लिहून फाइलच्या पहिल्या पानावर लावा. पेशंटला व्हेंटिलेटर हवाय की नको, घरी राहायचंय की हॉस्पिटलमध्ये, आणि तो बोलू शकला नाही तर त्याच्या वतीने कोण बोलणार, हे त्याच्याच तोंडून, तो बसून बोलू शकतोय तोवर विचारून घ्या आणि सगळ्या भावंडांना एकाच वेळी समोर बसवून ऐकवा, कारण आयसीयूच्या दारात ऐनवेळी वाद होतात ते ह्यावरूनच.